गुरुजींची दृष्ट

दादा, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागं सरतात न सरतात तोच आला म्हणे. ओढ्यावरून परतलेल्या पुरुषमंडळींनी अंगणात तसं सांगितलं, आणि भागूबाईनं पदरानं डोळे पुसत निकाल देऊन टाकला, "गुरुजींचं मागं काय बी ऱ्हायलं न्हवतं. लई समाधानी जीव." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र त्या कावळ्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. त्याला काय ठाऊक? तुझं काय काय राहिलं होतं ते मला विचारायला हवं होतं. ज्या माणसाच्या हातातला घास हातातच राहायचा आणि तोंडातून प्रश्न बाहेर पडायचा, तो समाधानी कसला?

तुला अनशी पहिलीत आलेली बघायची होती. भागूबाईची ही नात, तिच्या सुनेची, चंद्राची पोरगी, आत्ता कुठं दोन वर्षांची झालीय. ती आणि तिच्या बरोबरीची दुष्काळातली पोरं माझ्या वर्गात येऊन बसली की काय होतं, एवढंच तुला बघायचं होतं. "तेव्हा खोटं बोलायचं नाही, सुमे," तू बजावायचास. "माझं चुकलं असेल तर चुकलं म्हण. पण बरोबर निघालं तर तेही तोंड उघडून म्हणायचं." मी म्हणायचे, "आधी येऊ तर दे त्यांना." आता ती येतील तेव्हा मी असेन, आणि मी हरले की जिंकले हे ज्याला सांगायचं तो नसेल. भांडण असं अर्धं टाकून निघून जाणं तुला शोभलं नाही.

भांडण तसं जुनंच आपलं. मी या गावात पहिलीचा वर्ग घेते आणि तू तालुक्यातल्या गावोगावी वरचे वर्ग घेतलेस. दर जूनमध्ये माझ्यासमोर पोरं येऊन बसतात ती तोंडाला टाका घातल्यासारखी. नाव विचारलं तर शेजारचं पोर सांगतं. 'हजर' म्हणायला दिवाळी उजाडते. मी म्हणायचे, कोरी पाटी असते, लिहायचं काम माझं. आणि तू म्हणायचास, "कोरी नसते गं. तुझ्या हातात यायच्या आधी पाच-सहा वर्षं त्या पाटीवर कोणीतरी लिहीत असतं. नाहीतर कोणीच लिहीत नसतं, आणि ते जास्त वाईट." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. म्हणजे मी इतकी वर्षं घसा फोडला तो वरातीमागून घोडं म्हणून?

निवृत्त होऊन तू माझ्याकडे राहायला आलास आणि लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. नोकरीत असेपर्यंत तू सगळ्या गावाला शहाणं करत होतास, आता घरात मी एकटीच सापडले. मिठाचा डबा इथेच का, भाकरी डाव्या हातानं का फिरवतेस, कोंबडी पाणी पिताना मान वर का करते. मग सडकेचं दुष्काळी काम निघालं आणि मी सुटले. सगळं गाव खडी फोडायला जायला लागलं, आणि तूही टोपी घालून रोज तिकडे निघालास, काही काम नसताना. बायका उन्हात हातोडे चालवायच्या. त्यांची तान्ही बाभळीखाली झोळ्यांत टांगलेली असायची आणि भागूबाई, जिच्या हातात हातोडा उचलायचं बळ उरलं नव्हतं, ती पोरं राखत बसायची. पोरं आणि तिची शेळी.

त्या दिवशी तू घरी आलास तो चपला काढायच्या आधीच बोलायला लागलास. "सुमे, भागूबाई दिवसभर त्या शेळीशी बोलते. ऊठ गं, बस गं, कुठं चाललीस सटवे. आणि शेजारी नात डोळे उघडे ठेवून पडलेली असते, तिच्याशी एक शब्द नाही. असं का?"

"शेळी दूध देते," मी म्हणाले.

तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी थेट भागूबाईलाच विचारून आलास आणि तिच्याच आवाजात मला उत्तर ऐकवलंस. "शेळीला चल म्हनलं तर चालती, हाड म्हनलं तर थांबती. लेकराला काय कळतंय, गुरुजी? आन् पोटाला तर सरकारची सुकडी मिळती. आनखी काय पायजे त्याला?"

आणखी काय पाहिजे. हा प्रश्न तू कितीतरी दिवस घरभर घेऊन फिरलास. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाताना मध्येच थांबायचास आणि पुटपुटायचास. सरकारला वाटतं पोट भरलं की झालं, आईला वाटतं पोट भरलं की झालं, मग मान कशाला फिरवतं ते पोर? कुणाला शोधतं? तुझ्याकडे पुस्तक नव्हतं, सांगायला कोणी जाणकार नव्हता. तू आपला झोळीपाशी उकिडवा बसून बघायचास. एक दिवस मुकादमच मला रस्त्यात भेटला आणि चेहरा गंभीर करून म्हणाला, "बाई, गुरुजींची तब्येत बरी हाय ना? दुपारी बाभळीखाली बसून जीभ भाईर काडत हुते." मी लाजेनं अर्धी झाले. घरी येऊन तुला विचारलं तर तू उड्या मारायच्या बेतात. "तिनंही काढली, सुमे! अनशीनं! मी काढली, ती बघत राहिली, आणि मग तिनं काढली! शपथ!" पांढऱ्या मिशांचा माणूस, सगळा जन्म हेडमास्तरकीत गेलेला, आणि आनंद कशाचा तर एका पोरीनं जीभ दाखवल्याचा. मी तुला वेडा म्हणाले. आज वाटतं, तसा आनंद मला कधी झाला असता तर बरं झालं असतं.

पण शहाणपणाच्या पाठोपाठ तू चूकही तशीच मोठी केलीस. अशी चूक आपल्याकडचं शेळ्या वळणारं पोरही करणार नाही. शाळेत 'शाब्बास' म्हटलं की पोर फुलतं हे तुला पाठ होतं, म्हणून तू झोळीतल्या पोरांनाही शाब्बासकी वाटत सुटलास. संध्याकाळी बायका कामावरून आल्या की दारोदार जाऊन झोळीत डोकावायचं आणि भरल्या आवाजात सांगायचं, "चंद्रा, हिचे डोळे बघ, काय टिपतेय! असं तल्लख पोर मी जन्मात पाहिलं नाही!" अरे दादा, तान्ह्या पोराला कोणी असं म्हणतं? फार मायेचं भरतं आलं तर 'काय हे काळंबेंद्रं' म्हणावं, गालाला काजळाचा ठिपका लावावा आणि दुसरीकडे बघावं. ज्याच्या घरात कधी पाळणा हलला नाही आणि जो शाळेच्या खोल्यांत म्हातारा झाला, त्यालाच हे माहीत नसणार. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नाही. निपुत्रिक माणसाची नजर, आणि वर तोंडभर कौतुक! बायकांनी झोळ्यांवर पदर ओढायला सुरुवात केली. तू आलास की चूल पेटवायचं निमित्त करून दार लोटलं जायचं. तुला वाटायचं, वाऱ्यानं चूल विझू नये म्हणून.

आणि मग अनशी आजारी पडली. ताप आणि जुलाब. तिन्हीसांजेला भागूबाई आपल्या दारात येऊन उभी राहिली. तिनं शिवी दिली नाही, गाऱ्हाणं केलं नाही. खाली मान घालून एवढंच म्हणाली, "गुरुजींच्या पायाखालची माती पायजे हुती." दृष्ट ज्याची लागली त्याच्या पायाची माती मीठ-मोहऱ्यांत मिसळायची, म्हणजे उतरते. मी दार अडवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझा भाऊ काय चेटूक करतो का गं?" मी म्हणाले. तेवढ्यात तू आतून आलास, सगळं ऐकलंस आणि खुशाल पाय उचललास. "घे की. उजव्या पायाची लागते की डाव्या?" भागूबाई गांगरली. तिनं चिमूटभर माती घेतली आणि वळली, तर तू मागून, "मी येऊ का गं बघायला? कशी काढतात ते मी कधी नीट पाहिलंच नाही."

ज्याची दृष्ट लागली तोच काढायचं बघायला निघाला, असं आपल्या पंचक्रोशीत घडलं नसेल. पण तुला नाही कोण म्हणणार? तू गेलास, आणि आलास तो वेगळाच होऊन. हात धुवायचं विसरून सांगत बसलास. भागूबाईनं नातीला मांडीवर समोर तोंड करून बसवलं. मूठ तिच्या तोंडावरून उतरवायला लागली आणि म्हणायला लागली, आल्याची, गेल्याची, वाटंनं जानाऱ्याची, काळ्याची, गोऱ्याची, पाप्याची, चांडाळाची, गुरुजीची. "आणि सुमे, पोरगी तापानं फणफणलेली, पण तिचे डोळे त्या मुठीबरोबर फिरत होते. मग तोंडाकडे. भागूबाईच्या ओठांकडे. आणि मध्येच हुंकार दिला गं तिनं! जी बाई म्हणते लेकराला कळत नाही, ती रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून बोलते आणि तिलाच ते माहीत नाही!"

दुसऱ्या दिवशी तू एस.टी.नं पाथर्डीला जाऊन दवाखान्यातून औषध आणलंस आणि चंद्राला ते कसं पाजायचं ते दोनदा समजावलंस. पोर उठलं. मी म्हणाले औषधानं, भागूबाई म्हणाली मातीनं. तुला दोन्हींत रस नव्हता. तू दुसराच बेत करत होतास.

तो बेत मला कळला तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. सकाळी सडकेवर जायचं, एकूण एक झोळीत डोकावायचं, मुद्दाम डोळे मोठे करून बघायचं, मुद्दाम तोंडभरून कौतुक करायचं आणि निघून यायचं. म्हणजे संध्याकाळी घरोघरी गुरुजींची दृष्ट काढावीच लागणार. म्हणजे प्रत्येक आई, आजी पोराला समोर घेऊन बसणार, तोंडाकडे बघणार, बोलणार. दिवसातून एकदा तरी. यासाठी तू स्वतःहून गावाची वाईट नजर झालास. तिन्हीसांजेला मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले की आळीतल्या प्रत्येक चुलीपासून तुझं नाव यायचं, पापी आणि चांडाळ यांच्या पंगतीत बसवलेलं. मिरच्यांचा ठसका आला नाही तर म्हणायच्या, "बाई गं, गुरुजीची लई जबर." मला रडू यायचं. तू आत बसून ऐकायचास आणि म्हणायचास, "चंद्रा आज सावकाश म्हणत होती, ऐकलंस? काल नुसती उरकत होती."

पुढं तर कहर केलास. सकाळी बायकांना विचारायचं, "काल कुठली कुठली काढली?" त्या म्हणायच्या, "समदीच काडली की." "तसं नाही चालत. डोळ्यांची काढली? कानांची? मी काल कानच बघत होतो हिचे." झालं, त्या संध्याकाळी कानाला हात लावून कानाची, नाकाला हात लावून नाकाची. मग बोटांची, मग पोटाची. बायका हसायला लागल्या होत्या तोवर. पोरं तर आधीपासूनच हसत होती. तुझं हे ढोंग त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. चंद्राला कळलं असावं. ती एकदा पाण्याच्या रांगेत मला म्हणाली होती, "गुरुजींची दिष्ट काडताना लई बरं वाटतं, बाई. दिसभर खडीच्या आवाजानं कान बधिर झालेले असत्यात, आन् मग हिचं तोंड समोर."

अनशी चालायच्या आधी बोलली. पहिला शब्द आई नाही, बाबा नाही. भागूबाई मूठ उतरवत 'पाप्याची, चांडाळाची' इथवर आली आणि दम घ्यायला थांबली, तर मांडीवरून आवाज आला, "गुजी." भागूबाई मीठ-मोहऱ्या तशाच मुठीत घेऊन, पोरीला कडेवर मारून आपल्या दारात आली. मी दार उघडलं तर तिला धाप लागलेली. "गुरुजी, हिला कळतंय हो! पुडचं नाव हिनंच घेतलं! समदं कळतंय हिला!" तू तिला बसायला सांगितलंस. ती बसली नाही. अनशीकडे बघत हळूच म्हणाली, "मंग माझ्या पोरान्ला बी असंच कळत असंल तवा. म्या तर कुनाशीच बोलले न्हाई. कामच इतकं हुतं."

तू खाली बघत राहिलास आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग इतकंच म्हणालास, "तू त्यांना छातीशी धरलं असशील ना भागूबाई. तेही त्यांना कळलं असणार." ती गेल्यावर तू जेवला नाहीस. मीही नाही.

त्या दिवसानंतर तुझं काम भागूबाईनं उचललं. ती बाभळीखाली पोरांशी बोलायला लागली, आणि बोलणार काय, तर शेळीशी बोलायची तेच: कोण कुणाशी भांडलं, मुकादमानं कुणाचं माप कमी धरलं. मुकादम तुझ्याकडे तक्रार घेऊन आला, "गुरुजी, म्हातारी झोळीतल्या पोरान्ला माज्या चुगल्या सांगती." तू म्हणालास, "मग चांगलं वाग बाबा, पोरं ऐकतायत." नव्या बाळंतिणीला ती दमात घ्यायची, "गप काय बसलीस मुक्यावानी? त्याला सांग की कोन आलं, कोन गेलं." तू दारोदार हिंडून जे पटवू शकला नाहीस ते ती एका वाक्यात पटवायची.

हे सगळं मान्य करूनही माझं तुझ्याशी भांडण आहेच. तू गेलास म्हणून मी माघार घेणार नाही. ज्या पोरांना तू वर्गात सांगितलंस की दृष्टबिष्ट काही नसतं, त्यांच्याच बायकांना तू ती काढायला लावलीस. मी विचारलं तर म्हणालास, "मीठ-मोहऱ्यांनी काय बिघडतं? बोलणं लागतं ते बोलणं." बिघडतं, दादा. एखादं पोर हातातून गेलं असतं तर तुझ्यावर दगड पडले असते. दुष्काळच होता तो. वरच्या आळीत एक तान्हं गेलंच की. तू त्याच्याकडे कधी गेला नव्हतास म्हणून वाचलास, असं मी त्या दिवशी रागानं म्हणाले. तू म्हणालास, "तिकडे जायला हवं होतं मी." पण मला ते पटलं होतं असं समजू नकोस. खरं सांगून पटवायला वेळ लागतो, तर लागू द्यावा. तू म्हणायचास, "त्यांना वेळ आहे, सुमे, पोरांना नाही. त्यांचं आत्ताच होऊन जातं." यातलं खरं कुठलं? मी रोज भांडी घासताना दोन्ही बाजूंनी बोलते, आणि तुझी बाजू माझ्याहून बरी मांडते याचा मला संताप येतो.

एक गोष्ट मात्र आपण कधीच बोललो नाही. मला राहात्याला दिली होती तेव्हाची. कॅनॉलच्या पाण्यानं हिरवागार मुलूख, शेजार भरलेला. हे गेले आणि त्यानंतर शेजारी बारसं निघालं. मी सवयीनं कुंची शिवून घेऊन गेले. दारातच माझ्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या आणि कोणी वाईट बोललं नाही, नुसतं आतलं दार लावून घेतलं. तेव्हापासून मी तान्ह्या पोराकडे बघत नाही. चालत आलेलं, पाटी घेतलेलं पोर बघते. तोवर ते निबर झालेलं असतं, आणि त्याच्याकडे बघायचा तर मला पगार मिळतो. ज्या वर्षी सगळं गाव तुझ्या नजरेबद्दल बोलत होतं, त्या वर्षी माझ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काढायची गरजच नव्हती. मी बाभळीच्या त्या बाजूनं जातच नव्हते.

तुला हे कळलं होतं का रे? पोराची जीभ किती बाहेर आली हे ज्याला दिसायचं, त्याला हे दिसलं नसेल असं वाटत नाही. एकदा जेवताना तू म्हणालास, "सुमे, ये की एकदा बाभळीखाली. गंमत असते." मी म्हणाले, मला शाळेचं काम आहे. तू माझ्याकडे बघत राहिलास, त्या झोळ्यांकडे बघायचास तसाच, कंटाळा न करता. आणि मग आमटी मागितलीस. मला एवढंच विचारायचंय की तेव्हा तुझ्या मनात काय आलं. सगळ्या जगाला प्रश्न विचारलेस, मला तो एक विचारला नाहीस. मायेनं टाळलास की घाबरलास? पोळा झाला आणि तू दोन दिवसांच्या तापात गेलास. विचारायचं राहूनच गेलं.

काल तिसऱ्या प्रहरी चंद्रा आली. तिला दुसरा झालाय हे तुला माहीतच आहे, दीड महिन्याचा असेल. तू त्याला एकदाच पाहिलंस. ती नेहमी उंबऱ्याबाहेरून बोलते, काल आत आली. पोर पदराखाली. मी नेहमीसारखी खिडकीकडे तोंड करून बसले.

"बाई, एक अडचन झालीया," ती म्हणाली. "गुरुजींचं नाव आता घेता येत न्हाई. मेल्या मान्साचं नाव दिष्टीत घेऊ नये म्हनत्यात. सासूबाई म्हनल्या, आता ह्याची काडायची कुनाच्या नावानं?"

"मला काय विचारतेस?" मी म्हणाले. "काढूच नका. नुसतं बोला त्याच्याशी."

"नुस्तं कसं बोलायचं? सवं पडलीया. अनशी तर तिन्हीसांज झाली की सोताच मीठ आनून देती." तिनं पदराखालचं पोर सावरून धरलं. "बाई, तुमचं नाव घिऊ का?"

दादा, जे इतक्या वर्षांत कोणी बोललं नव्हतं ते ती अशी बोलली, शेजारणीकडे विरजण मागावं तशी. मला राग यायला हवा होता. मी खिडकीकडेच बघत होते आणि खिडकी मला दिसत नव्हती.

"माझं नाव घ्यायला कुणाची हरकत आहे?" मी म्हणाले. "मनात घेतच असाल."

"घेत हुतो," चंद्रा म्हणाली. खोटं बोलली नाही. "तवा भीत हुतो म्हनून. आता तसं न्हाई." आणि तिनं पदर बाजूला केला, उठून आली आणि पोर सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "पर आदी बघा तर खरं. बघितल्याबिगर दिष्ट कशी काडायची? दसरा झाला की आमाला कारखान्याला जायचंय, कोयता घिऊन. तवर रोज आनते. तुमी बघत जावा."

माझे हात कुठं ठेवायचे ते मला कळेना. मांडीवर ऊब आणि वजन, एवढंच कळत होतं. त्याच्या मानेखाली हात घालायचा असतो हे चंद्रानंच माझा हात धरून दाखवलं. मग मी खाली बघितलं. त्याचे डोळे उघडे होते. ते इकडेतिकडे गेले, माझ्या कपाळावर आले, कपाळ मोकळं आहे याची त्याला काही पर्वा दिसली नाही, आणि मग माझ्या डोळ्यांवर येऊन थांबले. कपाळाला बारीकशी आठी घालून ते बघत होतं, मन लावून, जसं काही माझ्याबद्दल त्याला काहीतरी ठरवायचं होतं. माझ्याच्यानं सहन होईना. पाणी त्याच्या तोंडावर पडेल म्हणून मी मान वळवायला गेले.

"थांबा, बाई," चंद्रा म्हणाली. "त्याचं बघून हू द्या."